तपासायचा भाग साफ करून यावा

माझ्या डोक्यात एक खोगीर आहे, ही गोष्ट मला वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी कळली. खोगीर तुमच्याही डोक्यात आहे. पण तुम्हाला ते अजून कोणी सांगितलेले नाही, म्हणून तुम्ही सुखी आहात. मलाही कोणी सांगितले नसते, पण माझी चप्पल मला घट्ट झाली.

फेब्रुवारी १९७१. मुक्काम नगर. दिवाळीत घेतलेल्या चपलेतून माझ्या दोन्ही करंगळ्या बाहेर डोकावू लागल्या. त्याच सुमारास लग्नातली अंगठी बोटात जी रुतली ती साबणानेही निघेना. आणि रोज संध्याकाळी कचेरीतून येताना दोन्ही कानशिलांत ठणका सुरू झाला. या तीन तक्रारी मी तीन वेगवेगळ्या माणसांना सांगितल्या असत्या तर काहीही बिघडले नसते. मी त्या तिन्ही एकाच दमात शेजारच्या गहिनीनाथरावांना सांगितल्या.

गहिनीनाथराव एस.टी.तून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. कोणतीही गोष्ट कुठून सुटते आणि कुठे जाऊन थांबते, हे त्यांना लगेच दिसते. त्यांनी माझा पाय पाहिला, बोट पाहिले आणि स्टँडवर करत तशी घोषणा केली, "सहादेवराव, माणसाची वाढ पंचविसाव्या वर्षी थांबते. त्यापुढं जे वाढतं ते वाईट."

"पोट पण?" मी विचारले.

"पोट सोडून," ते म्हणाले. त्यांना स्वतःलाही पोट होते.

त्यांनीच मला शनिवारी एका डॉक्टरांकडे नेले. डॉक्टर नुकतेच मुंबईहून मोठी परीक्षा देऊन आले होते, आणि नगरमध्ये आल्यापासून त्यांना खोकला, नारू आणि जुलाब यांपलीकडे काही मिळाले नव्हते. माझा पाय पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज आले ते मी आजवर फक्त बदलीचा हुकूम रद्द झालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर पाहिले आहे. त्यांनी माझी जीभ मोजली. हनुवटी चिमटीत धरली. मग म्हणाले, "दहा-बारा वर्षांपूर्वीचा एखादा फोटो आणा. चेहरा बदललाय का बघू."

मी घरी जाऊन लग्नातला फोटो आणला. माझा तेवढा एकच फोटो आहे. डॉक्टरांनी तो उजेडात धरला. त्यात मुंडावळ्या होत्या, मुंडावळ्यांच्या वर फेटा होता, आणि मधून नाकाचे फक्त टोक दिसत होते.

"नाक तेच वाटतं," डॉक्टर नाराजीने म्हणाले. पण त्यांनी आशा सोडली नाही. कागदावर एक चित्र काढून ते मला समजावू लागले. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिचे नाव पिट्यूटरी. ती हाडाच्या एका खोबणीत बसते. खोबणीचा आकार घोड्याच्या खोगिरासारखा, म्हणून तिला म्हणतात तुर्की खोगीर. ग्रंथीला गाठ आली की खोगीर रुंदावते आणि माणसाचे हातपाय वाढू लागतात. गाठ वर सरकली की डोळ्यांच्या नसा दाबल्या जातात.

"मग?"

"मग मुंबई. ऑपरेशन. पण आधी डोक्याचा एक्स-रे काढू."

"आणि डोळे?"

डॉक्टरांनी पेनाचे टोपण लावले. "आधी एक्स-रे काढू," ते म्हणाले.

माझी नोकरी नक्कल विभागात आहे. साठ-सत्तर वर्षांपूर्वीच्या फेरफारांच्या वह्या, शाई उडालेल्या, कोपरे वाळवीने खाल्लेले. त्यांतले अक्षर न् अक्षर वाचून तसेच्या तसे उतरवून द्यायचे. मूळ कागदात चूक असेल तर चुकीचीही नक्कल करायची, शेजारी 'मुळाप्रमाणे' असे लिहायचे. या कामाला मेंदू लागत नाही, हे मला साहेबांनी अनेकदा सांगितले आहे. पण डोळे लागतात. मेंदूच्या खालचा तो वाटाणा डोळ्यांवर बसणार असेल, तर वह्या उघडता येणार नाहीत, आणि वह्या उघडल्या नाहीत तर घरात चूल कशी पेटणार हे डॉक्टरांच्या चित्रात दाखवलेले नव्हते. बायकोला मी एवढेच सांगितले, की डोक्याचा एक फोटो काढायचा आहे.

एक्स-रेची तारीख मंगळवारची मिळाली. तिच्याबरोबर एक छापील कागद मिळाला. या कागदाने पुढे जे केले त्याला तोड नाही, म्हणून त्याचे वर्णन नीट करतो. वर दवाखान्याचे नाव. खाली सूचना. 'तपासायचा भाग' यापुढे टिंबटिंबांवर कंपाउंडरने हाताने 'डोके' असे लिहिले होते. पुढे छापील मजकूर: आदल्या दिवशी सायंकाळी एरंडेल तेल घ्यावे. उपाशीपोटी यावे. तपासायचा भाग साफ करून यावा. दागिने घरी ठेवावेत. गर्भार असल्यास कितवा महिना ते सांगावे. आणि सर्वांत तळाशी, बारीक टायपात: लागू नसेल ते खोडावे.

काहीच खोडलेले नव्हते.

नक्कल विभागात चौदा वर्षे काढलेल्या माणसाला याचा एकच अर्थ लागतो. जे खोडलेले नाही ते लागू आहे. गर्भारपणाच्या कलमाशी मी थोडा वेळ थांबलो, हे कबूल करतो. पण ते 'असल्यास' या शब्दाने सुटत होते. बाकीच्या कलमांना तशी पळवाट नव्हती.

सोमवारी सकाळी मी रजेचा अर्ज घेऊन साहेबांपुढे उभा राहिलो. मार्चात लोकसभेची मध्यावधी निवडणूक होती. केंद्रांवरच्या नेमणुकांच्या याद्या त्याच आठवड्यात निघाल्या होत्या, आणि याद्या निघाल्यापासून कचेरीत रोगराई पसरली होती.

"पिट्यूटरी," साहेबांनी मोठ्याने वाचले. "ही कोण?"

"ग्रंथी आहे, साहेब."

"निवडणुकीच्या तोंडावरच कशी निघाली? गेल्या आठवड्यात माझ्याकडे चार मूळव्याधी आल्या, दोन काविळी आल्या, आणि एक बाळंतपण आलं, तेही पुरुषाचं."

"बायकोचं असेल, साहेब."

"अर्जात तसं लिहिलेलं नाही." तत्त्व माझेच होते. मी खोगिराचे चित्र काढून दाखवले. साहेबांनी ते सरळ करून पाहिले, उलटे करून पाहिले. "तुमच्या डोक्यात खोगीर आहे यावर माझा विश्वास आहे," ते म्हणाले, "आणि खोगिरात काय भरलंय तेही मला माहीत आहे. रजा नामंजूर." खोलीत तीन कारकून होते. तिघेही हसले. कावीळवाला सर्वांत मोठ्याने हसला.

दुपारच्या सुट्टीत मी भाग साफ करायला गेलो. एस.टी. स्टँडजवळ गोरक्षचे केशकर्तनालय आहे. गोरक्ष मूळचा आमच्या तिसगावचाच. माझे वडील, कारभारी म्हणून सारा गाव त्यांना ओळखतो, नगरला आले की दाढी त्याच्याकडेच करतात. त्यामुळे मी त्याला घरचाच मानतो, आणि घरच्या माणसाशी बोलताना आपण पूर्ण वाक्ये वापरत नाही. सगळा घोटाळा तिथे झाला.

"काय करायचं, भाऊ?" त्याने विचारले.

"सगळं काढ."

वस्तरा पट्ट्यावर होता तो थांबला. "सगळं?"

"सगळं. भाग साफ पाहिजे."

गोरक्षने रेडिओ बंद केला. हलक्या हाताने डोक्याला पाणी लावत तो म्हणाला, "कवा झालं?"

"शनिवारी कळलं. दवाखान्यात."

"आन् आमाला पत्त्या न्हाई बगा. काय हुतं?"

"गाठ असेल म्हणतात. डोक्यात."

"अरारारा. लई तरास झाला का?"

"डोकं दुखायचं. संध्याकाळी जास्त."

"म्हाताऱ्या जिवाला सोसत न्हाई, भाऊ."

मला राग आला. "म्हातारा कसला? असं वय तरी काय?"

"खरं हाय," गोरक्ष म्हणाला, "आपल्याला आपला मानूस कदी म्हातारा वाटतच न्हाई." हे वाक्य मला जरा गहन वाटले, पण न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यावर गहन वाक्ये ऐकावीच लागतात. शेंडीचा प्रश्न आला. मी म्हणालो, साफ म्हणजे साफ. मग तो समोर येऊन उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला, "मिशी बी, न्हाई का?"

मिशी डोक्यात मोडते काय? मी विचार केला. मान ही हद्द धरली तर मिशी हद्दीच्या आत येते. "काढ," मी म्हणालो.

आरशात पाहिले तेव्हा समोर कोणीतरी अनोळखी, तुळतुळीत मनुष्य बसला होता. गोरक्षने पैसे घेतले नाहीत. "आज नगं," म्हणाला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. एवढी आपुलकी! मी टोपी घातली. ती कानांवर येऊन थांबली. केस नसल्याने टोपी मोठी झाली होती, आणि पाय वाढल्याने चप्पल लहान झाली होती. अशा मापांत मी कचेरीत परतलो.

दारातच कावीळवाल्याने माझ्याकडे पाहिले, आणि तो उठून उभा राहिला. मग दुसरा उठला. तिसऱ्याने पंखा बंद केला. का ते त्यालाही सांगता आले नसते. शिपायाने साहेबांना आत जाऊन काहीतरी सांगितले आणि साहेब स्वतः बाहेर आले. टेबलाच्या अलीकडे साहेब मी प्रथमच पाहत होतो.

"सकाळी मी काही बोललो असेन ते मनात ठेवू नका," ते म्हणाले. "अर्जात स्पष्ट लिहायचं होतं हो. कसली पिट्यूटरी! दुःखात माणसाला काय लिहावं सुचत नाही."

"साहेब, तसं काही—"

"बोलू नका. या वेळी माणसाला बोलवत नाही." आणि त्यांनी तिथल्या तिथे, उभ्या उभ्या, तेरा दिवसांची रजा मंजूर केली.

मी खोटे बोललो नाही, हे नोंदवून ठेवतो. फक्त दुरुस्ती केली नाही. खरे कारण लिहून एक दिवस मिळाला नव्हता. काही न बोलता तेरा मिळाले. (ती रजा पुढे रद्द करून घेताना मला वडिलांच्या हयातीचा दाखला जोडावा लागला, आणि तो आणायला गेल्यावर तलाठ्याने वडिलांनाच विचारले, की तुम्ही कारभारी कशावरून? पण तो त्या दोघांचा प्रश्न आहे.)

घरी बायकोने दार उघडले, माझ्याकडे पाहिले आणि तिच्या हातातले तांब्याभर पाणी माझ्या पायावर सांडले.

"अगं बाई! मामंजी!" असे म्हणून पुष्पावतीने जो हंबरडा फोडला त्याने गहिनीनाथराव आणि त्यांच्या भागूबाई दोघेही धावत आले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. न्हाव्याचा हात खांद्यावर का आला, पंखा का बंद झाला, हे सगळे एकदम कळले. मी कागद काढला. 'तपासायचा भाग' दाखवला. खाली 'लागू नसेल ते खोडावे' हेही दाखवले.

"म्हणजे मामंजींना काही झालं नाही?" पुष्पावतीने डोळे पुसत विचारले.

"काही नाही. ठणठणीत आहेत."

"मग हे तुमच्यासाठी काढलंत?"

"माझ्यासाठीच."

आता ती हसेल असे मला वाटले होते. पण ती तिथेच उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "फोटोला टक्कल लागतं इतकं काय आहे डोक्यात?" मी तिला मग खोगीर सांगितले, वाटाणा सांगितला, मुंबई सांगितली. डोळ्यांचे सांगितले नाही. ते गहिनीनाथरावांनी सांगितले. त्यांना शेवटचा थांबा गाळता येत नाही.

त्या संध्याकाळी मी एरंडेल घेतले.

मंगळवारी सकाळी निघताना भागूबाई ताटलीत काहीतरी घेऊन आल्या. "डाक्तर आतनं बघंल, आपून बाहिरनं देव लावू," असे म्हणून त्यांनी मारुतीचा तेलात कालवलेला शेंदूर अंगठ्याने माझ्या दोन्ही कानशिलांवर घसघशीत दाबला. "दुकतं तितंच लावलाय. पुसायचा न्हाई. उद्या परत लावीन."

एक्स-रेच्या खोलीतला मनुष्य फार कमी बोलणारा होता. त्याने माझे डोके पाहिले, कागद मागितला आणि विचारले, "हे कुणी सांगितलं?"

"खोडलेलं नव्हतं."

"एरंडेल पण घेतलं?"

"घेतलं."

"डोक्याच्या फोटोला?"

"तेही खोडलेलं नव्हतं."

तो भिंतीकडे वळला. त्याचे खांदे हलत होते. वळून म्हणाला, "भाग साफ म्हणजे केसांना तेल नको, बायकांचे आकडे नकोत, एवढंच हो." मग त्याने माझा गळ्यातला ताईत काढून ठेवायला लावला. अंगठीपाशी झटापट केली आणि नाद सोडला. कानशिलांकडे पाहून मात्र त्याने हात जोडले. "देवाचं राहू द्या," म्हणाला. टेबलावर मला कुशीवर झोपवून त्याने माझे डोके दोन वाळूच्या पिशव्यांमध्ये पाचर ठोकल्यासारखे बसवले. "आता हलायचं नाही. श्वास पण धरायचा." असे म्हणून तो पडद्यामागे गेला.

एरंडेलाला हे माहीत नव्हते. पहिला फोटो निघत असतानाच मी उठून गेलो. कुठे गेलो ते त्याला मी आल्यावर सांगितले. त्या फोटोत, तो म्हणाला, मला तीन नाके आली होती. दुसऱ्या वेळी वीज गेली. तिसऱ्या वेळी वीज होती, श्वास होता आणि पोटात काही उरले नव्हते, तेव्हा माझे डोके शेवटी निघाले. "उद्या सकाळी डॉक्टरांकडे या," तो म्हणाला.

बुधवारी सकाळी, भागूबाईंच्या शेंदराचा दुसरा हात कानशिलांवर घेऊन, मी डॉक्टरांपुढे बसलो. त्यांनी फिल्म खिडकीवर धरली. माणसाने स्वतःची कवटी पाहू नये. ती हसत असते.

"हे खोगीर," डॉक्टर पेन्सिलीने दाखवत म्हणाले. आणि मग त्यांचा आवाज बदलला. "आणि हा ठिपका."

खोगिराच्या बरोबर वर, चिंचोक्याएवढा, पांढराशुभ्र ठिपका होता. मलाही दिसला. नको तेव्हा मला सगळे स्पष्ट दिसते.

"चुना साठल्यासारखं आहे," ते म्हणाले. "गाठ जुनी असणार. मी पत्र देतो. मुंबईला लवकर गेलेलं बरं." आनंद लपवण्याचा त्यांनी प्रयत्न केला, हे मान्य केले पाहिजे. ते पत्र लिहीत होते तेव्हा मी समोरच्या भिंतीवरचे कॅलेंडर वाचत होतो. तिथी, वार, नक्षत्र, आणि अगदी तळाशी मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात छापखान्याचे नाव. ते वाचता आले. मग पुन्हा वाचले. पत्र लिहून होईपर्यंत मी ते सात वेळा वाचले.

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर माझे वडील बसले होते. धोतर, टोपी, खांद्यावर उपरणे, पायांशी पिशवी. पाथर्डीकडून येणाऱ्या पहिल्या गाडीने आले होते, घरी जाऊन पुष्पावतीकडून पत्ता घेऊन इथवर पायी.

"दादा," मी म्हणालो. आपण ज्यांच्या नावाने टक्कल करून तेरा दिवसांची रजा घेतली आहे ते समोर येऊन बसले, तर बोलायची रीत कोणत्याही पुस्तकात दिलेली नाही.

"काल दिस बुडताना तिसगावच्या स्टँडवर बसलो हुतो," दादा सांगू लागले. "कंडक्टर उतरला. मला म्हनतो, बाबा, हितं कारभाऱ्याचं घर कुटं हाय? म्हातारं गेलं म्हनं नगरला. गोरक्ष न्हाव्याचा निरोप हाय."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनलं, गेलं व्हय? चांगलं हुतं बिचारं." दादा क्षणभर हसले. "मी मेलो म्हनून न्हाई आलो, सादेवा. मी तर बसलेलोच हुतो. पन ल्योक बोडका झाला म्हंजे कुटं तरी कायतरी झालंय. मला न्हाई झालं, मंग कुनाला? रातभर गाडी नव्हती."

मी टोपी काढली. त्यांनी माझे डोके पाहिले. गुळगुळीत, गोल, आणि दोन बाजूंना शेंदूर.

"ह्ये काय? रस्त्याकडंचा म्हसोबा झालास का काय?" ते म्हणाले. पण हसले नाहीत. "कुटं हाय म्हनतो डाक्तर?"

"इथं," असे म्हणून मी कानशिलाला बोट लावले.

बोट लाल झाले.

मी बोटाकडे पाहिले. चिंचोक्याएवढा ठसा. मग पुन्हा जिथे लावले होते तिथेच बोट लावून पाहिले. मुळाप्रमाणे. दादांना तिथेच बसवून मी दार न ठोठावता आत गेलो आणि ते बोट डॉक्टरांच्या नाकासमोर धरले.

डॉक्टरांनी बोट पाहिले, कानशील पाहिले, फिल्म पाहिली. त्यांचा चेहरा हळूहळू खोकला आणि जुलाब यांच्याकडे परत आला. "शेंदूर," ते म्हणाले. "शेंदूर शिशाचा असतो. शिशातून एक्स-रे जात नाही." आणि फिल्म खाली ठेवत, "हे कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही?"

"तुमच्या माणसाच्या लक्षात आलं होतं," मी म्हणालो. "त्यानं नमस्कार केला."

दवाखान्याच्या मोरीवर दादांनी स्वतः माझे डोके धुतले, लाल कार्बॉलिक साबणाने, उपरण्याच्या टोकाने खसाखसा घासून, बैल धुतात तसे. "मान खाली घाल. डोळं मीट. मीट म्हनलं ना." एकोणचाळीस वर्षांचा सरकारी नोकर मोरीवर वाकला होता आणि रांगेतल्या बाया पाहत होत्या. मी डोळे मिटले. साबण तरीही गेला.

दुसरी फिल्म दुपारी आली. डॉक्टरांनी ती दोनदा पाहिली, उलटी करूनही पाहिली. चिंचोका नव्हता. वाटाणा आपल्या जागी असणार, कारण खोगीर जसे असावे तसे होते, रुंदावले नव्हते. त्यांनी मुंबईचे पत्र फाडले. मग मला वजनाच्या काट्यावर उभे केले.

"लग्नात किती होतं वजन?"

मी सांगितले.

"सतरा किलो वाढलंय. चपलेत पाय कसा मावेल? आणि डोकं जवळचं वाचायला चष्मा नाही म्हणून दुखतंय. नंबर काढून घ्या. साखर बंद करा." अख्ख्या जिल्ह्यात जिकडे पाहावे तिकडे साखर कारखान्याची चिमणी दिसते, तिथे बसून हा मनुष्य मला साखर बंद करायला सांगत होता. तुर्की खोगिरापर्यंत चढलेला आजार चहाच्या बशीत येऊन पडला. याचे मला थोडे वाईट वाटले, हे कबूल केले तर कृतघ्नपणा होईल, म्हणून करत नाही.

आम्ही घराच्या बोळात शिरलो तेव्हा आतून रडण्याचा आवाज येत होता. गोरक्षचे दुकान स्टँडजवळ आहे, आणि स्टँडवरून गाड्या एकाच दिशेला सुटत नाहीत. एक निरोप सुप्यालाही गेला होता. तिथे माझी धाकटी बहीण छबू दिलेली आहे. ती, तिची सासू रतनबाई आणि दोन-तीन मंडळी पुण्याच्या गाडीने नुकतीच उतरली होती. पुष्पावती समजावत होती, गहिनीनाथराव समजावत होते, पण मनुष्य मेलेला नाही हे तोंडी सांगून कोणाला पटत नाही.

"कुटं गेलाव वो दादाऽऽ, मला सोडून!" छबू भिंतीला डोके टेकून रडत होती.

"दवाखान्यात गेल्तो," दादा दारातून म्हणाले.

छबू वळली. तिने आधी दादांकडे पाहिले, मग माझ्या डोक्याकडे, मग पुन्हा दादांकडे. आणि धावत येऊन त्यांच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारू लागली. दादा मुकाट्याने मार खात उभे होते. रतनबाईंनी पदर सारखा केला. विहीण आणि व्याही यांचे छबूच्या लग्नातल्या पंगतीपासून पटत नाही. आता दुखवट्याला येऊन व्याही समोर उभा, म्हणजे तोंड कुठे लपवावे हा प्रश्न त्यांना पडला होता.

कोपऱ्यात फडक्यात बांधलेली टोपली होती. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून सोयऱ्यांनी शिजवून आणायचा तो कडू घास. पिठले, भाकरी, भात. पहाटे उठून रतनबाईंनी केलेला.

"ह्ये आता काय करायचं?" रतनबाई चाचरत म्हणाल्या. "परत न्यायचं नसतंय. आन् टाकूबी ने."

"टाकता कशापायी?" दादांनी धोतर सावरून बैठक मारली. "माझ्या नावानं आनलंय न्हवं? ताट कर पुष्पा."

भागूबाईंनी "अवो, असं करू ने" म्हणून पाहिले. पण दादांनी सकाळपासून काही खाल्ले नव्हते, आणि खरे तर कालपासूनही नाही, हे मला तेव्हा कळले. त्यांनी भाकरी मोडली, पिठल्यात बुडवली आणि पहिला घास उचलून माझ्यापुढे धरला. मी म्हणालो, "दादा, हा तुमचा."

"माझा मी खाईन तवा खाईन. आदी तुज्या पोटात जाऊ दे." मी तोंड उघडले. पुष्पावती चुलीकडे तोंड करून डोळे पुसत उभी होती आणि चूल तर पेटलेली नव्हती.

मग दादांनी दुसरा घास स्वतः घेतला. सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी सावकाश चावला, गिळला, आणि व्याहिणीकडे वळून म्हणाले,

"विहीनबाई, मीठ कमी हाय. मेल्याला काय कळतंय, असं वाटलं व्हय?"